मृदुभाषी दर्शनाबाईंबद्दल एक दुरुस्ती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे सरपंच हरिश्चंद्रराव, व्यासपीठावरचे तालुका आरोग्य अधिकारी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आपल्या उपकेंद्राच्या सिस्टर दर्शनाबाई, खालच्या मोहल्ल्यातल्या आणि वरच्या वाडीतल्या बायांनो, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पकडून बसलेल्या पुरुषांनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोनात भागणार नाही. गेला पाऊण तास मी ऐकते आहे, दर्शनाबाई मृदुभाषी, दर्शनाबाई शांतमूर्ती. कोण? ह्या? बावीस वर्षांत ह्या बाई माझ्याशी एकदाही मृदू बोललेल्या नाहीत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टरच्या हातात लाकडी पट्टी असायची. ह्या सिस्टरना तिची गरजच पडली नाही.

माझी लेक लायबा. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यातच तिची पाण्याची पिशवी फुटली. अलिझा दीड किलोची जन्मली आणि महिनाभर काचेच्या पेटीत राहिली. आज ती दुसऱ्या रांगेत बसून खुर्ची वाजवते आहे. अलिझा, पुरे! पण तो महिना आम्ही कसा काढला, ते आमचं आम्हाला माहीत. त्यामुळे लायबाला पुन्हा दिवस राहिले तेव्हा घरात एकच धास्ती होती. ह्या वेळी पिशवी टिकेल ना?

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. क आणि ड, दोन्ही जीवनसत्त्वं कमी. त्या म्हणाल्या, "क जीवनसत्त्व फार कमी असलं तर पिशवी लवकर फुटण्याचा धोका वाढू शकतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण भरपूर घेतलं म्हणजे फुटणारच नाही, असं नाही हां. दुसरीही कारणं असतात." मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. गावाची बोलणी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकली. लेकीच्या वेळी मात्र 'पण'च्या आधीच फोन ठेवला.

घरी आले ती कामालाच लागले. ड जीवनसत्त्वासाठी ऊन हवं. मे महिना होता, अंगणात आमसुलं वाळत होती. त्यांच्या शेजारी चटई टाकून लायबाला बसवलं. वाडीतली जनी आंब्यांची पाटी घेऊन चालली होती, ती थांबली.

"सकिनाबाय, लेकीला पण सुकत घातलाव काय ओ?"

"हे शास्त्र आहे," मी म्हटलं.

"बरा. मग दुपारची पालटी करा, दोनी बाजू सुकू देत."

जनी, हसू नकोस, तुझ्यावरही मी एक दिवस भाषण करणार आहे.

क जीवनसत्त्वासाठी दर दोन तासांनी कोकम सरबताचा एक ग्लास, वर अख्खं लिंबू पिळून. माझा जावई अमन सौदीतल्या दमामहून रोज व्हिडिओवर विचारायचा, "अम्मी, आज किती ग्लास झाले?" इथे असता तर एक तरी ग्लास विसळला असता का?

दर्शनाबाई घरी तपासणीला आल्या. त्यांनी ग्लास पाहिला, लायबा पाहिली. "बाई, ती गरोदर आहे, लोणच्याची बरणी नाही. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी द्या, जेवणात लिंबू पिळा, बस्स झालं. एवढी साखर कशाला?" मी ऐकलं का? मला शिकवणारं कुणी जन्मायचं होतं.

आठवा महिना लागला. एका दुपारी मी लायबाच्या खोलीत गेले, तर चादर ओली. ओली आणि लाल. मी अशी किंचाळले की आमचे मिस्टर अयूब मशिदीच्या कट्ट्यावरून अनवाणी धावत आले. लायबा नुसती रडत होती. दहा मिनिटांत दर्शनाबाईंची स्कूटी दारात. सगळ्यांना बाहेर काढलं, मी मात्र हलले नाही. त्या वाकल्या.

"सकिनाबाई, ह्याला मुंग्या कशा लागल्या?"

मग त्यांनी उशीखाली हात घालून माझी गरम पाण्याची रबरी पिशवी ओढून काढली. आत कोकम सरबत! जे पिववत नव्हतं ते दहा दिवस लेक तिच्यात ओतत होती आणि संध्याकाळी केळीला घालत होती. त्या दिवशी बूच सैल राहिलं.

मी हसायला लागले. दर्शनाबाई हसल्या नाहीत. "मुंग्या बघून निदान करायचं नसतं," म्हणाल्या आणि रुग्णवाहिका मागवून आम्हाला रत्नागिरीला घेऊन गेल्या. मागोमाग तीन रिक्षा भरून मोहल्ला आला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पिशवी शाबूत होती. लायबाची, रबरी नव्हे.

बाहेरच्या बाकड्यावर दर्शनाबाईंनी लायबाला विचारलं, "खरंच पाणी गेलं असतं, तर आईला सांगितलं असतंस?"

लायबा खाली बघत म्हणाली, "आधी चादर धुतली असती. अम्मी एवढं करते. तिला कसं सांगू, नाही टिकली म्हणून?"

तेव्हा ह्या तुमच्या शांतमूर्ती माझ्याकडे वळल्या. अख्खा मोहल्ला ऐकत होता. "पाणी गेल्यावर एकेक तास मोलाचा असतो, सकिनाबाई. आणि तुमची पोरगी तुमच्या भीतीने तो चादर धुण्यात घालवणार होती. जीवनसत्त्वांचं मी बघते. तुम्ही तिला घाबरवायचं थांबवा."

मला कुणी असं बोललं तर मी उत्तर उधार ठेवत नाही. त्या दिवशी मात्र घरी जाऊन उरलेलं सरबत मीच केळीला घातलं.

सरबत बंद झालं. गोळी, जेवण, सकाळचं कोवळं ऊन आणि दर सोमवारी दर्शनाबाई. नऊ महिने पुरे झाल्यावर एका सकाळी मी भाकऱ्या भाजत होते. लायबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अम्मी, पाणी गेलं. आत्ता."

तवा तसाच टाकून आम्ही निघालो. संध्याकाळी नबील झाला, तीन किलो शंभर ग्रॅम.

अधिकारीसाहेब, तुमच्या भाषणात तुम्ही दर्शनाबाईंची जागा भरून निघणार नाही असं म्हणालात. अलंकार म्हणून छान आहे, पण सरकारी पद आहे ते, भरावं लागतं. दर्शनाबाई तीस तारखेला जाणार. नव्या बाईंचं नाव कुणालाच ठाऊक नाही. वरच्या वाडीत आज तिघी पोटुशी आहेत. एक तारखेपासून त्यांनी आपली चादर कुणाला दाखवायची? तुम्हाला?

दर्शनाबाई, तुम्ही मला झापलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. बोलताना कुणाला टोचलं असेल तर वयाकडे बघून पोटात घाला. अधिकारीसाहेबांची माफी मात्र मी राखून ठेवते. नेमणुकीचा कागद आला, की त्यांच्या कचेरीत येऊन मागेन.