वॉशिंग मशीनचा सोर्स कोड मागितल्याबाबत

नाव : सगळे नाना म्हणतात, खरे नाव वेगळ्या कागदावर दिले आहे. वय ५४. धंदा : शाळेत गणित शिकवणे. राहणार : बाजारामागची गल्ली, दुसरा मजला.

मला ठाण्यात आणून समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी, माझी थोरली बहीण (गटात सगळे तिला ताईच म्हणत) आणि इतर पंधरा जणांनी मिळून वॉशिंग मशीन चालवणारा प्रोग्राम लिहिला. तो कोणीही फुकट वापरावा, विकावा. अटी दोनच. लिहिणाऱ्यांची नावे काढायची नाहीत, आणि मशीन घेणाऱ्याने मागितला तर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, द्यायचा.

चार महिन्यांपूर्वी मेव्हण्याच्या (बायकोच्या भावाच्या) नव्या मशीनवर 'झाकण लाव, मग बोल' असे उमटले. हे वाक्य ताईचे. ती मलाही असेच बोलायची. मेव्हणा बाहेर गेल्यावर मी मशीन उघडून तपासले. कंपनीने सतराही नावे पुसली होती, ओरडणे तेवढे ठेवले होते. माझे टाळके सटकले.

आमच्या गटाचा रिवाज असा की, संशय आला तरी चारचौघांत बोंब मारायची नाही. आधी खाजगीत गोड पत्र, मग तीस दिवस वाट. मी 'चोर' लिहिले होते. गटाने अकरा दिवस चर्चा करून त्याचे 'बहुधा नजरचूक झाली असावी' केले. उत्तरादाखल कंपनीने माझ्या घरी मेकॅनिक पाठवला. माझ्याकडे ते मशीन नव्हतेच. 'ग्राहक मशीन दाखवत नाही' असा शेरा मारून, चहा पिऊन तो गेला.

मेव्हण्याला कोड मागायला सांगितले, तर म्हणाला, चालतंय ना, कशाला वाकड्यात शिरायचं. म्हणून मीच एक मशीन घेतले. घरात एक धडधाकट असताना. बायको म्हणाली, आता ह्यात तुम्हालाच घालते.

आज सकाळी दहा वाजता कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात पावती दाखवून कोड मागितला. काउंटरवरच्या बाईंनी सुट्या भागांच्या यादीत शोधून, स्टॉकमध्ये नाही, पंधरा दिवसांनी या, असे सांगितले. मी बाकावर बसून राहिलो. शिवी दिली नाही, काच फोडली नाही. सहा वाजता शटर ओढायची वेळ झाली तेव्हा मॅनेजरने आपणास फोन केला.

ठाण्यातून मॅनेजरने त्यांच्या इंजिनिअरला विचारले. त्याने सगळे कबूल केले. मॅनेजर ओशाळला. तक्रार मागे घेतो, पाच वर्षे सर्व्हिस फुकट देतो, नावे उद्या लावतो, म्हणाला.

मी म्हणालो, "सर्व्हिस नको. बाकीच्यांची नावं उद्या लावा. ताईचं आत्ता लावा."

ताई मागच्या वर्षी गेली. मागे मूलबाळ नाही, घरही भाड्याचे होते. तिचे नाव राहिलेली ती एकच जागा होती. हे सांगताना मला रडू आले. ते लिहू नका म्हणालो, तरी हवालदारांनी लिहिले.

साहेबांनी मला घरी जायची मोकळीक दिली आहे. मी गेलो नाही. मॅनेजरने मला ताईचे पूर्ण नाव विचारले आणि फोनवर इंजिनिअरला एकेक अक्षर मोठ्याने सांगितले. आवाज नीट जाईना, म्हणून तीनदा सांगितले. अख्ख्या ठाण्याने ऐकले.

हा जबाब मला वाचून दाखवला. रडण्याचे वाक्य धरून सगळा खरा आहे.