श्री.च्या जागी कै.

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, तुम्ही लिहून घेताय म्हणून आज सांगतो. यमुनाबाईंची नोकरी माझ्यामुळे गेली. चूक माझी होती.

मी मूळचा हडपसरचा. घरची शेती, थोरले दोघे शेतीत, मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि वडील म्हणाले, आता शहरात कुठं चिकटतोस का बघ. चिकटलो तो शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात, कंपोझिटर म्हणून. म्हणजे शिशाचे खिळे, एकेका खिळ्यावर एकेक अक्षर, तेही उलटं, ते खणांतून उचलायचे आणि ओळी जुळवायच्या. छापून झालं की तेच खिळे धुऊन परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, ते काम यमुनाबाईंचं. त्याही आमच्याच गावच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. वाचता अजिबात येत नव्हतं, पगाराला अंगठा. पण काय सांगू तुम्हाला, खिळा बोटात आला की कुठल्या खणातला ते त्या मान वर न करता ओळखायच्या.

मालकांनी मला तयार केलं असं मी लोकांना सांगत आलो. खरं शिकलो ते या बाईंकडून. मी प्रत्येक खिळा डोळ्यांसमोर धरून उलटा की सुलटा बघत बसायचो, तर म्हणाल्या, दादा, त्याला एका अंगाला खाच हाय, ती बोटाला लागू द्या, डोळं कशाला शिणवताय. त्या दिवसापासून माझा हात चालायला लागला. खाली पडलेला खिळा त्या हातातलं काम टाकून उचलायच्या. एवढी कसली घाई, असं मी विचारलं, तर म्हणे, आत्ता नाय उचलला तर कुणाच्या तरी नावात शिरंल.

आमच्याकडे लग्नपत्रिका फार, म्हणून चि., सौ., श्री., कै. असे तयार जोड वेगवेगळ्या खणांत ठेवलेले असत. एका पत्रिकेचं प्रूफ तपासून झालं, गिऱ्हाइकानं सही केली, आणि जुळवलेली चौकट उचलताना माझ्याकडून दोन ओळी सांडल्या. पुन्हा जुळवल्या. प्रूफही पुन्हा काढायला हवं होतं. पण मला त्या संध्याकाळी मुलगी बघायला जायचं होतं, स्वारगेटहून गाडी होती. नाही काढलं.

चौथ्या दिवशी नवऱ्यामुलाचे वडील स्वतः आले, खुर्चीत नीट बसले आणि मालकांना म्हणाले, मी कैलासवासी, माझ्या मुलाच्या लग्नाला आपण अवश्य यावं, मला मात्र येणं जमेल असं दिसत नाही. मालकांना कळेना हसावं की उठून उभं राहावं. पत्रिका बघितली तर श्री.च्या जागी कै. मालक माझ्याकडे वळले. मी म्हणालो, बाईंनी खणात चुकीचा जोड टाकला असणार, त्यांना वाचता कुठं येतं. बस, एका वाक्यात झालं. मालकांनी बाईंना काही विचारलंच नाही, उद्यापासून येऊ नका म्हणाले.

निघताना त्यांनी ते दोन खण माझ्यापुढे आणून ठेवले. दादा, तुमाला वाचता येतंय, बघा की. मी बघितलं. श्री.च्या खणात सगळे श्री., कै.च्या खणात सगळे कै. मी म्हणालो, जाऊ द्या बाई, मालक आत्ता रागात आहेत. त्या गेल्या. नंतर कितीतरी वर्षं त्या मंडईत भाजी निवडायच्या कामाला होत्या, मला लांबूनच दिसायच्या, मी रस्ता बदलायचो.

पुढे खिळ्यांचे छापखाने बंद पडले, मालकही वारले. मी आता पंचावन्न वर्षांचा आहे. मागच्या वर्षी धीर करून यमुनाबाईंच्या घरी गेलो. लेकीकडे असतात. लेकीनं ओळखलं, चहा टाकला आणि शेजारी अभ्यासाला बसलेल्या आपल्या मुलीला म्हणाली, हे काका आजीबरोबर कामाला होते. बघ, आजीला अक्षर येत नव्हतं म्हणून चूक झाली आणि नोकरी गेली, तू नीट वाच. यमुनाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, दादा, चहा गार व्हतोय. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

मालकांपुढे सांगायचं ते कायमचं राहिलं. पण त्या लेकीसमोर आणि नातीसमोर मला सांगायचं आहे की तुमच्या आईनं, तुझ्या आजीनं, चुकीच्या खणात काही टाकलं नव्हतं, चूक मी केली आणि खोटंही मीच बोललो. यमुनाबाईंचं एवढं मी देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.