प्रदर्शनातली रिकामी झोळी

तुम्ही हसाल, पण माझा राग अजून उतरलेला नाही. नंदुरबारच्या एका कॉलेजात ‘समकालीन कलेतलं मातृत्व’ यावर व्याख्यान होतं. बाळंतपणानंतर माझा कलेच्या इतिहासाशी संबंधच तुटला होता. हे तरी ऐकायचंच म्हणून सासूबाईंना आणि तान्ह्या ओमला घेऊन मी रनाळ्याहून गेले.

दारातच तो रडायला लागला. समोर कडीला साडीची झोळी टांगलेली. मला वाटलं, वा, विषयाला शोभेल अशी सोय केलीय! मी गाठ ओढओढून पाहिली आणि त्याला आत ठेवलं. तो लगेच झोपला.

तेवढ्यात संयोजक धावत आले. “मॅडम, ही प्रदर्शनातली कलाकृती आहे! बाळ काढा!”

मी ओशाळले. एम. ए. झालेल्या बाईला एवढं कळू नये? पण सासूबाई मध्ये पडल्या. “भाऊ, हळू बोला. पोऱ्या आत्तेच जपना.”

“आजी, ती रिकामी असण्यातच तिचा अर्थ आहे.”

“रिकामी झोयी कोनी टांगी ठेवस का? अपसकुन शे तो!”

“मग बाळाला घेऊन बाहेर बसा. व्याख्यानात व्यत्यय नको.”

मातृत्वावरच्या व्याख्यानातून आईलाच बाहेर! माझं डोकं फिरलं. “काढा तुम्हीच,” मी म्हटलं. “पण उठला, तर झोपवायचंही तुम्हीच.”

त्यांनी झोळीत वाकून पाहिलं. हात पुढे केला, मागे घेतला. मग जाऊन माइकचा आवाज कमी केला.