एक पॉइंट दहा

...नाही, चूक माझी असती तर कबूल केली असती हो, पण तुम्हाला सांगतो, मी अगदी गणिताला धरून होतो! म्हणजे बघा, साल अठ्ठ्याण्णव, बंगळूरला नोकरी, आणि नोकरीबाहेर, फुकट, मी लिनक्सचं एक पॅकेज सांभाळायचो. म्हणजे काय? तर नॉर्वेचे एक गृहस्थ प्रोग्राम लिहिणार, कामांची आठवण करून देणारा, आणि त्यांनी नवी आवृत्ती काढली की मी ती उतरवायची, नीट बांधायची आणि जगाला वाटायची. खाली नाव कोणाचं? विद्याधर हसबनीस! लग्नपत्रिका सोडली तर माझं नाव छापलेलं ते एकच ठिकाण.

आता नवी आवृत्ती आली का, हे रोज फोनवरून इंटरनेट लावून बघायचं कोणी? आमची बायको सुलभा लगेच, "लाइन सोडा, आईचा फोन यायचाय." म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. रोज पहाटे ती आपणहून नॉर्वेला जायची, तिथला आकडा आपल्या आकड्याशी ताडायची आणि मला मेल टाकायची... 'नवीन काही नाही.' १.९ मी बांधली, आणि त्यानंतर सात महिने, नवीन काही नाही. म्हटलं, थंडी फार असेल तिकडे.

आणि एके दिवशी आमच्या पॅकेजवाल्या मुख्यांचं पत्र, भलतंच सभ्य: "१.१० आली, १.११ आली, आपण अजून १.९ वरच. शनिवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर पॅकेज दुसऱ्याला देतो." स्क्रिप्ट चालवली. काय म्हणाली? नवीन काही नाही! मग मीही चढलो. लिहिलं, "महाशय, एक पूर्णांक दहा शतांश हे एक पूर्णांक नऊ दशांशांपेक्षा लहान असतात. तुमचे गृहस्थ मागे चाललेत. शाळेचं पुस्तक बघा." वर त्याची प्रत पॅकेजवाल्यांच्या मेल-यादीवरच्या सगळ्यांना!

शनिवारी रिक्षाने घरी येतोय. आमचं घर फर्स्ट मेन, टेन्थ क्रॉस; मेन म्हणजे तिकडे मोठा रस्ता, आणि क्रॉस म्हणजे त्याला फुटणाऱ्या, ओळीने आकडे घातलेल्या गल्ल्या. मी आपल्याच उत्तरावर खूश, तंद्रीत, आणि नववा क्रॉस गेला तरी रिक्षावाला मंजुनाथ पुढेच! मी ओरडलो, "अरे, दहावा मागे राहिला!" तो शांतपणे म्हणतो, "नाइन्थ आद मेले टेन्थ बरुत्ते, सार. स्वल्प कूतकोळ्ळी." नऊ झाल्यावर दहा येतो साहेब, जरा बसा...

बसलो. बसलोच! अहो, तो पॉइंट दशांशाचा नव्हताच, तो क्रॉस होता! पहिला मेन, नववा क्रॉस. पहिला मेन, दहावा क्रॉस... आणि मी तीन वर्षं त्याच पत्त्यावर राहतोय!

धावत वर गेलो, स्क्रिप्टची एक ओळ बदलली, चालवली. सात महिन्यांत पहिल्यांदा म्हणाली, 'नवीन आहे, १.११.' भराभर बांधली, पाठवायला गेलो, तर तिकडचं मशीन विचारतंय, आपण कोण? कुठलं पॅकेज कोणाकडे, ती यादी उघडली. माझ्या नावाच्या जागी पोलंडच्या कुणी बाई.

आतून सुलभा विचारते, "एवढे धावत आलात, काय हो, काही नवीन?"

म्हटलं, नाही. नवीन काही नाही.