जास्वंदीची दोनच पानं

...आणि वर बायको मलाच म्हणायची, "अहो, हलू नका, पायजम्यावर डाग पडतील!" डाग? अगं, माझ्या डोक्यावर अर्धं झाड वाटून थापलंयस, कानामागून हिरवा चिकट ओघळ थेट बनियनमध्ये उतरतोय, आणि तुला पायजम्याची काळजी? तुम्हीच सांगा, चोपन्न वर्षांचा माणूस, कोठी भागातल्या ऑफिसात हेडक्लार्क, रविवारी सकाळी अंगणात स्टुलावर बसलाय, डोक्यावर जास्वंदीचा लगदा, आणि पुरी मलकपेठ वस्ती फाटकातून डोकावून विचारतेय, "क्या लक्ष्मणराव साब, खैरियत?" काय खैरियत सांगू? टक्कल माझं, झाड माझं, तुमचं काय जातं?

हो, मला टक्कल आहे! मान्य आहे! आमच्या घराण्यात चार पिढ्या आहे, मला तर सव्विसाव्या वर्षीच लागलं, कधी तक्रार केली? कंगवा नको, तेल नको, मे महिन्यात ओला टॉवेल टाकला की झालं! भामानेसुद्धा, म्हणजे आमच्या मंडळींनी, अठ्ठावीस वर्षं बिनबोभाट चालवून घेतलं. मग खामोखा आत्ताच काय झालं? तर आमच्या गौरीचं लग्न ठरलं, फेब्रुवारीत, आणि लग्नाचं व्हिडिओ शूटिंग! भामाच्या भाचीच्या लग्नात तो व्हिडिओवाला भर मांडवात ओरडला होता ना, "साब कू जरा पिच्छे बिठाओ जी, सर पो से लाइट मारी!" ते तिच्या मनात जे बसलं ते बसलं. "कन्यादानाला बसाल तेव्हा पुण्याच्या व्याह्यांना गौरीचा बाप दिसला पाहिजे, नुसता उजेड नको!"

त्यात वरच्या मजल्यावर सुनंदा. आमची भाडेकरू. गेल्या वर्षी गल्लीत केबल आली, यंदा हिने जिन्याखाली पाटी लावली, 'हर्बल ब्यूटी पार्लर'. मला म्हणते, "काका, आता बाजार खुला झालाय, फॉरेनच्या बायका शाम्पू सोडून हर्बल मागायल्यात, आणि तुमच्या दारात सोनं उभंय!" बाजार खुला झाला असेल, पण माझं कुंपण कोणी खुलं केलं? आणि सोनं कसलं, ते आमच्या आईचं झाड आहे! बीदर सोडून इथे आलो तेव्हा चतुराबाईंनी, म्हणजे आईनं, ओल्या फडक्यात एक काडी गुंडाळून घेतली, आणि गौलीगुड्याच्या बसस्टँडवर उतरेपर्यंत मांडीवरून हलू दिली नाही. देवाघरी जाताना एवढंच म्हणाली, "लक्ष्मणा, गणपतीला रोज ह्यातलं एक फूल देत जा, बाकी माझं काही मागणं नाही." मी देतो. रोज देतो.

तर सुनंदाने भामाला शिकवलं आणि भामाने गल्लीला. पानं वाटून केसांना. फुलं खोबरेल तेलात, लोखंडी कढईत, काळी पडेस्तोवर. पाकळ्या दह्यात कालवून गालांना. ब्लडप्रेशरला पाकळ्यांचा काढा, वर लिंबू... रंग काय सुंदर येतो म्हणून सांगू, चव मात्र विचारू नका. पाकळ्या भुवयांना चोळा. बुटाला चोळा! हौ, बुटाला, पॉलिश म्हणून! म्हणजे एक फूल गणपतीच्या माथ्यावर आणि त्याच फांदीचं दुसरं माझ्या बुटावर? नक्को! मी मळक्या बुटांनी ऑफिसला जाईन! आणि शेजारची भाग्यलक्ष्मी, ती तर रोज सकाळी कुंपणावरून हात घालून, गोड आवाजात, तेलुगूत, "अन्नय्या, रेंडु आकुलु... रेंडे!" म्हणजे, दादा, दोन पानं... दोनच! दोन? बाईच्या पदरात अख्खी फांदी!

मग ती संकष्टी आली. मी आंघोळ करून परडी घेऊन झाडाशी गेलो, आणि... फूल नाही. एक नाही. कळीसुद्धा नाही, कळ्याही वाटून झाल्या होत्या! परत आलो, गणपतीसमोर रिकामी परडी घेऊन उभा राहिलो. आईनं आयुष्यात माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती.

तसाच जिन्याशी गेलो आणि ओरडलो, "सुनंदा! भामा! भाग्यलक्ष्मी! सगळ्या खाली या! टक्कल माझं, झाड माझं! आता पैज! दोन महिने मुकाट्यानं बसतो, काय थापायचं ते थापा. एक जरी केस उगवला तर झाड तुमचं, मुळासकट न्या. नाही उगवला तर पुन्हा कुंपणाला हात लावायचा नाही!" सुनंदा तर नाचायलाच लागली, "काका, 'पहिले' आणि 'नंतर' असे दोन फोटो लावू पाटीवर!" लगेच 'पहिले'चा फोटो काढूनही झाला. काढ म्हटलं, चार पिढ्यांचं टक्कल माझ्या पाठीशी आहे, मला कशाची भीती?

पाचवा आठवडा. गौलीगुड्यात आमचा नेहमीचा न्हावी, खलीलमियाँ, कानावरची झालर कापता कापता थांबला. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. आणि दुकान दणाणून ओरडला, "मुबारक हो साब, फसल आरी!" मी त्याच्या तोंडावर हात! आरसा घेतला, उजेडात धरला... आणि खरंच हो! मधोमध, बारीक, काळी, मऊ लव! हात फिरवला. पुन्हा फिरवला. अठ्ठावीस वर्षांनी, तुम्हाला सांगतो, जीव हरखला माझा, मी चक्क मनातल्या मनात भांग पाडला! डावीकडे! आणि मग आठवली पैज. मुळासकट.

म्हटलं, "मियाँ, सफाचट करो." तो बिचारा वस्तरा धरून उभा, "लोगां बालां आने कू रोते, आप निकालने कू बोलरे! कायकु साब?" काय सांगू त्याला कायकु? "किसी कू नक्को बोलो," एवढंच म्हटलं, आणि डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून रोज! सकाळी मोरीची कडी लावायची, फेस करायचा, गालावरून वस्तरा सुरू करायचा आणि जिथे लोकांची दाढी संपते तिथे थांबायचंच नाही, सरळ वर! बाहेरून भामा, "अहो, दाढीला इतका वेळ?" "हनुवटीला खळी आहे गं!" दोन वेळा कापलं, तिला सांगितलं कावळ्यानं चोच मारली.

दोन महिने भरले. सुनंदा कॅमेरा घेऊन, भामा चष्मा लावून, भाग्यलक्ष्मी तर टॉर्च घेऊन आली, भर सकाळी! मी स्टुलावर ताठ. तिघींनी हात फिरवले, फुंकर मारली, आडवं बघितलं, तिरपं बघितलं... गुळगुळीत! सुनंदा रडवेली झाली, "काका, तुमचं डोकंच नापीक!" म्हटलं, "हौ बाई, नापीक आहे, पण माझं आहे! टक्कल माझं, झाड माझं, आता व्हा मागे!" त्याच आठवड्यात झाडाला अकरा फुलं आली, अकरा! आईच्या फोटोकडे मान वर करून बघता आलं मला.

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी भामा वाटी घेऊन आली. कांद्याचा रस! म्हटलं लाव, वाटेल तेवढा लाव! कारण माझं डोकं चाललं ना... आता लव वाढू द्यायची, नाव कांद्याचं होईल, झाडही राहील आणि लग्नात भांगही पडेल! वस्तरा ठेवून दिला, खुशाल शीळ घालत हिंडलो. एक आठवडा, दोन आठवडे, महिना... बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसेना, ऑफिसात साहेब खिडकी उघडून बोलायला लागले, आणि डोक्यावर? काही नाही! होते ते दोन खुंटही गळाले! कांद्याला कुठलं जमायला, ते जास्वंदीचंच काम होतं!

आणि गौरीचं लग्न आलंय सहा आठवड्यांवर. आणि तुम्हाला खरं सांगू? मला भांग पाडायचाय हो, एकदा, डावीकडे, माझ्या मुलीच्या लग्नात...

म्हणून आज सकाळी, भामा उठायच्या आत, अनवाणी कुंपणाशी गेलो. माझ्याच कुंपणाशी! डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, झाडात हात घातला, आणि कुंपणापलीकडून तोच गोड आवाज... "अन्नय्या... एन्नि?" म्हणजे, किती तोडलीत?

काय सांगणार, मूठ पाठीमागे नेली आणि म्हटलं, "रेंडु, अम्मा... रेंडे!"