दार उघडलं की मुंबईला फोन

“आई, सकाळी दार तू उघडतेस आणि मोबाईल माझा वाजतो! झोपू दे ना!” लेक मुंबईहून तणतणत होता. महाडच्या घरात चोराचा अलार्म त्यानंच बसवलेला. चोर शिरला तर यंत्रानं लेकाला फोन करायचा, एवढंच त्यानं ठरवलेलं. मी शब्दकोश घेऊन इंग्रजी पुस्तिकेचा अर्थ लावला, अन् मी अलार्म बंद करून दार उघडलं की तेही कळवायला यंत्राला शिकवलं. एरवी याचा महिना-महिना फोन नाय. आता रोज येतो, भांडायला का होईना!

“ते आधी काढून टाक. चोर आला तरच मला कळू दे.”

“का रे? घरात चोर शिरला ते तुला कळायला हवं, अन् आई सकाळी धड उठली ते नको?”