भीती किती, शून्य ते दहा

दाढ ठणकत होती, तरी मुलुंडच्या दातांच्या दवाखान्यात बसलेल्या सुगंधाचं हातातल्या संमतीपत्रावर सही करायचं ठरत नव्हतं. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं तोच कागद घेऊन बसलं होतं.

"चंपा, सही करू नको. फुकटात दात कोण काढून देतं?"

"संशोधन आहे हो. दात काढताना कानात गाणी लावणार. दुखणं, घाबरणं कमी होतं का ते बघणार."

"आणि भुलीचं इंजेक्शन?"

"ते सगळ्यांनाच. गाणी निम्म्यांना. चिठ्ठी टाकून ठरवणार."

"म्हणजे उंदीर समजलेत आपल्याला."

"नको वाटलं तर मधेच नाही म्हणा, असंपण लिहिलंय."

"लिहायला काय जातंय? आणि हे काय? भीती किती वाटते, शून्य ते दहा?"

"ते मी भरलं."

"दहा? तू कधीपासून घाबरायला लागलीस? तीन बाळंतपणं झाली, तोंडातून आवाज काढला नाहीस."

"तेव्हापण दहाच होती."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

मागे कागद उलटसुलट केल्याचा आवाज झाला.

"मग हे लोक कशाला विचारतात? यांना काय करायचंय?"

"ते मलापण कळत नाही. पेन द्या."

"माझ्याकडे नाही पेन."

सुगंधाने मान न वळवता आपलं पेन मागे धरलं. ते घेणारा हात बाईचा होता.

"कर सही. पण मी दारातच उभा राहणार. कानाला काय लावतात ते बघतो."